तोंडाएवढी ओल

भिमाजी ओव्हाळ दुसऱ्याच्या घरात शिरताना चपला काढतात आणि पायात मोजे असले तर तेही काढून खिशात घालतात. तळवा फरशीला टेकला की दोन-तीन क्षणांत त्यांचा चेहरा ठरतो. एकतर तो होता तसा राहतो, नाहीतर वरचा ओठ नाकाकडे सरकतो. ओठ सरकला की समजावं, या घरात ओल आहे. मग मालकानं कितीही महागाची फरशी घातलेली असो, भिमाजी त्या घरात पाणीसुद्धा पीत नाहीत. मुलीचं, पिंकीचं, लग्न ठरवताना मोशीचं एक चांगलं स्थळ त्यांनी याच ओठाच्या हालचालीवर मोडलं. मुलगा इंजिनियर, घर स्वतःचं, माणसं शिकलेली. पोहे येईपर्यंत भिमाजी भिंतीला पाठ लावून बसले आणि पोहे आल्यावर उठले. "पोरगा बरा आहे, पण जोतं चुकलंय," एवढंच त्यांनी रिक्षात सांगितलं. त्यांच्या पत्नी जयमालाबाई ही गोष्ट अजून चारचौघांत सांगतात. "लोक जावयाचा पगार बघतात, ह्यांनी प्लिंथ बघितली. पोरगी पाचव्या मजल्यावर दिली तेव्हा कुठं ह्यांना झोप लागली."

भिमाजींचं वय त्रेसष्ट. वडील बार्शीकडून दुष्काळात पिंपरीला आले, कारखान्यात चिकटले, आणि भिमाजी निगडीच्या ओटा स्कीम या कामगारवस्तीत वाढले. ते स्वतः चाकणच्या एका कंपनीत सव्वीस वर्षं स्टोअरला होते. गिअर मोजायचे, तेलकट कागदात गुंडाळायचे, पेटीत भरायचे, पेटी परदेशी पाठवायची. एका वर्षी चौदा पेट्या परत आल्या. उघडल्या तर आतले गिअर भाजलेल्या बिस्किटासारखे तांबूस. चौकशी बसली, कागदावर 'स्टोअरचा निष्काळजीपणा' असं आलं आणि मेमो भिमाजींच्या हातात पडला. मग बाहेरून एक म्हातारे इंजिनियर आले. त्यांनी गोडाऊनच्या जमिनीवर प्लास्टिकचा हातभर चौकोन ठेवला, चारी कडांना चिकटपट्टी लावली आणि चहा पिऊन निघून गेले. दोन दिवसांनी चौकोन उचलला तर खालच्या बाजूला थेंबच थेंब. कोरड्या दिसणाऱ्या काँक्रीटमधून जमीन घाम गाळत होती आणि पेट्या त्या घामावर उभ्या होत्या. मेमो मात्र मागे घेतला गेला नाही. कंपनीत मेमो द्यायचा छापील फॉर्म होता, परत घ्यायचा नव्हता.

"तेव्हापासून ओल म्हटलं की मला शिसारी येते," भिमाजी म्हणतात. "पाणी वरनं आलं तर माणूस छत्री धरतो. हे खालनं येतं, चोरासारखं, आणि नाव दुसऱ्याच्या अंगावर घालतं."

कंपनी पुढे दुसऱ्या राज्यात गेली. भिमाजी गेले नाहीत. शेडचे कोबे आणि ओल रोखायची कामं ते घेऊ लागले आणि तळवडे, चाकण, महाळुंगे या पट्ट्यात त्यांचं नाव झालं. या पट्ट्यात जमीन विकून शेड बांधणारे पुष्कळ, आणि शेडची जमीन कोरडी हवी हे शेडमध्ये पाणी साचल्यावर कळणारे त्याहून पुष्कळ. त्यामुळे त्यांना कामाची कधी ददात पडली नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत महाळुंग्याच्या सयाजीशेठनं त्यांना बोलावलं. सयाजीशेठची जमीन कंपन्यांना गेली आणि त्या जागी तीन मजली पिस्ता रंगाचा बंगला आला. तळमजल्यावर जनसंपर्क कार्यालय. तिथे चार सोफे होते आणि जनसंपर्क मुख्यतः त्या सोफ्यांशी चालायचा. लिफ्टसाठी जागा सोडली होती, पण लिफ्ट बसवायची राहून गेली आणि त्या चौकोनी विहिरीत जुने फ्लेक्स गुंडाळून उभे केले होते. शेठच्या आई शालनबाई दुसऱ्या मजल्यावर. गुडघे गेलेले, वर दमा. दीड वर्षात त्यांचा पाय जमिनीला लागला नव्हता. तळमजल्यावर एक खोली आईला द्यावी हा विचार शेठना सुचला नसेल असं नाही. पण मग जनतेनं बसायचं कुठं?

तेव्हा ठरलं असं, की बंगल्यामागे जिथं पूर्वी गुरांचा गोठा आणि उकिरडा होता तिथं एक गॅरेज काढायचं. एकच जोतं, एकच पत्रा, मध्ये भिंत. अर्ध्यात नवी गाडी, अर्ध्यात आई.

भिमाजींनी जागा बघितली आणि त्यांचा ओठ चप्पल घातलेली असतानाच सरकला. काळी माती, तीही पन्नास वर्षं शेणामुतात मुरलेली. मागच्या अंगाला हातभरावर नाला. त्या नाल्यात वरच्या कुठल्या कुठल्या शेडचं पाणी यायचं, सोमवारी जांभळं आणि गुरुवारी साबणासारखं. काठावरचं गवत वाढत होतं, पण हिरवं नव्हतं. भिमाजींनी पहारीनं वीतभर उकरलं. खड्ड्यात हळूहळू, कुणी बोलावल्यासारखं, पाणी जमलं. त्यावर तेलाचा तवंग होता. त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"ओ मिस्तरी!" दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज आला.

"काय मावशी?"

"माजी खोली कंची?"

"ही डावीकडची."

"आन उजवीकडं?"

"गाडी."

"मोठी कुनाची?"

भिमाजींनी पावलं टाकून मोजलं. "गाडीची."

"व्हय, तिला वळायचं आसतं," म्हातारी म्हणाली आणि खोकायला लागली. खोकला संपायला बराच वेळ लागला. मग तिनं पदराआडून दम्याचा पंप काढून दोनदा ओढला. भिमाजी तेवढा वेळ वर बघत उभे राहिले. दम्याचं माणूस ओल्या जमिनीवर झोपवलं तर काय होतं हे त्यांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. त्यांची आई ओटा स्कीमच्या पहिल्या खोलीत तशीच गेली होती.

ते सयाजीशेठना म्हणाले, "शेठ, इथं नुसता कोबा चालणार नाही. माती दोन फूट काढू. दगड, मग मुरूम, धुमसून घट्ट. त्यावर कच पसरायची म्हणजे दगडाची टोकं वर येत नाहीत. त्यावर जाड काळं प्लास्टिक, जोडाला जोड फूटभर चढवून, कडा भिंतीवर वळवून. मग काँक्रीट. प्लास्टिकला एक भोक पडलं तरी सगळं फुकट."

"प्लास्टिक?" सयाजीशेठ म्हणाले. "मिस्त्री, प्लास्टिकचं तर आपल्याकडं गोडाऊन हाय." आणि त्यांनी लिफ्टच्या विहिरीकडे बोट केलं.

विहिरीतून एकवीस फ्लेक्स निघाले. वाढदिवसाचे, दहावीच्या गुणवंतांचे, गणपतीचे, हळदीकुंकवाचे, शेठचे वडील आबाजी यांच्या प्रथम पुण्यस्मरणाचे. एक कोरा कोपरा कुठं शिल्लक नव्हता. प्रत्येकावर वर महापुरुषांची रांग, मध्ये आप्पा, म्हणजे तालुक्याचे नेते, हात जोडून. आप्पांच्या खांद्याशी सयाजीशेठ, मोबाइल कानाला लावून. आणि खाली कार्यकर्त्यांचे तिकिटाएवढे चेहरे. वर्षभर रस्त्याच्या कडेला धूळ आणि डिझेल खाल्लेले ते गठ्ठे उलगडले तेव्हा आतून पाली आणि मेलेली झुरळं पडली. आप्पांच्या दातांवर बुरशी आली होती.

भिमाजींनी तरीही ते हातात घेऊन बघितले. त्यांनी एक तुकडा चार विटांवर झोळीसारखा बांधला, त्यात बादलीभर पाणी ओतलं आणि दोन दिवसांनी खाली हात लावला. कोरडं. "प्लास्टिकला त्यावर काय छापलंय ते वाचता येत नाही," ते जयमालाबाईंना म्हणाले. "चालेल." त्यांची ही एक सवय आहे. जी वस्तू परीक्षेत पास झाली तिच्याशी मग ते भांडत नाहीत.

माती काढली, दगड-मुरूम झाला, कच पसरली. एप्रिलमध्ये फ्लेक्स अंथरायचा दिवस आला. सयाजीशेठ, त्यांच्या युवा मंचाचा अध्यक्ष ज्योतीराम आणि आणखी सहा-सात जण बघायला उभे राहिले. मंडळींना स्टीलच्या ग्लासात चहा आला. भिमाजींना कागदी कपात आला, कारण मिस्त्री लोकांना कागदी कप सोयीचा पडतो असं या घराचं जुनं मत आहे.

भिमाजींनी पहिला फ्लेक्स पसरला, वाकले आणि कात्रीनं वरची महापुरुषांची रांग सरळ रेषेत कापून काढली. फूटभर पट्टी. ती नीट गुंडाळून त्यांनी स्कूटरच्या डिकीत ठेवली. त्या पट्टीत कोण होतं हे सांगायला नको. त्या चेहऱ्यांवर काँक्रीट ओतणं भिमाजींच्या हातून होणार नव्हतं, आणि पट्टी कडेची असल्यामुळे जोड तिथं चढवला की काम बिघडणारही नव्हतं. हिशोब बरोबर होता. चूक एवढीच झाली की तो हिशोब त्यांनी लोकांसमोर केला.

"मिस्त्री," सयाजीशेठ म्हणाले, "तुमच्यांना काढलं. मंग आमच्या आप्पांनी काय घोडं मारलं?"

"ते माझेच नाहीत शेठ, सगळ्यांचे आहेत."

"आप्पा बी सगळ्यांचेच हायत!" ज्योतीराम म्हणाला. "आप्पांच्या तोंडावर काँक्रीट वतायचं? वरनं गाडीचं चाक? कुनी फोटो काढून ग्रुपवर टाकला तर आपल्या शेटचं निवडणुकीचं तिकीट जाईल राव."

"मग उलटा घालू," भिमाजी म्हणाले. "छापलेली बाजू खाली."

मंडळी विचारात पडली. "म्हंजी आप्पांचं नाक चिखलात," एक जण म्हणाला.

"नाक न्हाई, अख्खं तोंड."

"आन वर पालथं पडल्यावानी. मेलेला मानूस आसतो तसा."

"आभद्र बोलू नको रे!"

सुलटं घातलं तर तुडवणं, उलटं घातलं तर मातीत तोंड. यातून मार्ग निघाला तो असा, की तोंडं कापून घ्यायची. ज्योतीरामनं पेपर कापायचं पातं आणलं आणि कामाला बसला. त्याचा हात चांगला होता. त्यानं आप्पांचे केस, कान, गळ्यातली माळ अगदी कडेनं कोरून काढली.

"अरे कान कशाला कोरतोस?" भिमाजी ओरडले. "भोक तरी लहान पाड!"

"कान ठिवला तर आप्पांना काय वाटंल?"

आप्पा झाल्यावर सयाजीशेठ आले, कारण ते आप्पांच्या खांद्याशी होते आणि त्यांनी एकट्यानं खाली राहणं बरं दिसत नव्हतं. मग आबाजी, कारण वडील. जोत्याला तेरा फ्लेक्स पुरले; त्यांत सगळी मिळून अठ्ठावीस भोकं झाली, परातीएवढी. ज्योतीरामचा स्वतःचा चेहरा तिकिटाएवढा होता; तो कापायचं कुणाला सुचलं नाही, तेव्हा तो तसाच खाली राहिला. कापलेली तोंडं एकावर एक रचून परत लिफ्टच्या विहिरीत ठेवण्यात आली. ती जाळता येत नव्हती आणि टाकताही.

"मिस्तरी," वरून शालनबाईंनी विचारलं, "चाळणीगत का दिसतंया?"

"उद्या ठिगळं लावतो मावशी," भिमाजी म्हणाले. मग ते सयाजीशेठकडे वळले. "शेठ, उद्या दहाला काँक्रीटची गाडी आहे ना? मी नऊला येतो. माझ्याकडं काळं प्लास्टिक आहे. अठ्ठावीस गोल कापून आणतो, डिंकाच्या पट्टीनं बसवतो. तोपर्यंत कुणी काही ओतायचं नाही."

"न्हाई वतत," शेठ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भिमाजी साडेसातला निगडीहून निघाले. स्कूटरच्या हुकाला पिशवी, पिशवीत अठ्ठावीस काळे गोल. तळवड्याच्या पुढे एक कंटेनर रस्त्यात आडवा झाला होता आणि त्याच्यामागे दोन्ही बाजूंनी अर्धा तालुका. साडेआठला शेठचा फोन आला.

"मिस्त्री, गाडी लवकर आली. दुसऱ्या साइटवरचा माल व्हता, त्यांचं रद्द झालं. म्हनतोय आत गोळा व्हतोय, वतू का परत नेऊ?"

"परत न्या! शेठ, ओतू नका. मी तळवड्यात आहे, अर्ध्या तासात—"

"आवो गाडीवाला थांबत न्हाई वो. बगतो मी."

भिमाजी पावणेअकराला पोचले. काँक्रीट ओतून, फळीनं सारखं करून झालं होतं. ज्योतीराम त्याच्या कडेला उभा राहून व्हिडिओ काढत होता आणि मोबाइलवर गाणं लावलेलं होतं. भिमाजींनी पिशवी खाली ठेवली. त्यांनी कुणाला शिवी दिली नाही. सव्वीस वर्षं कंपनीत काढलेल्या माणसाला शिवी गिळायची सवय असते. ते फक्त कडेला जाऊन थुंकले, आणि नंतर पुन्हा एकदा थुंकले.

पुढे भिंती उठल्या, पत्रा चढला. काँक्रीट वाळायला वेळ लागतो, म्हणून भिमाजी ऑगस्टपर्यंत थांबले. खरं तर थांबायची गरज नव्हती. जुलैच्या पावसात जमिनीनं स्वतःच सांगितलं. राखाडी कोब्यावर काळपट डाग उमटले. गोल, वर केसांचा फुगा, खाली मान, आणि दोन्ही बाजूंना कान. ज्योतीरामनं कोरलेलं वाया गेलं नव्हतं. आईच्या खोलीत अकरा तोंडं आणि गाडीच्या बाजूला सतरा. डागावर हात ठेवला तर हात चिकट व्हायचा आणि वास यायचा तो गोठ्याचा, नाल्याचा आणि शिळ्या दुधाचा मिळून एक. भिंतीच्या कडेला पांढरी लव आली होती. भिमाजींनी तरीही म्हाताऱ्या इंजिनियरसारखे प्लास्टिकचे चौकोन चिकटवले, दोन दिवसांनी उचलले, थेंब मोजल्यासारखे बघितले आणि फोन लावला.

"शेठ, जमिनीवर आप्पा दिसतायत."

"काय?"

"कापलेल्या ठिकाणी ओल आलीय. कोबा फोडावा लागेल. पुन्हा घालावा लागेल. मी माझी मेहनत धरणार नाही, पट्टी मी आधी कापली ही माझी चूक."

"मिस्त्री, दसऱ्याच्या आधी आईचा पंच्याहत्तरीचा कार्यक्रम हाय. आप्पा यायच्यात. आता फोडाफोडी न्हाई. वरनं काय तरी टाकतो मी."

शालनबाईंची जन्मतारीख कुणाला माहीत नव्हती. आप्पांना ज्या दिवशी वेळ होता त्या दिवशी त्या पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. वरनं काय तरी टाकलं ते म्हणजे लाकडाचं चित्र असलेलं व्हिनाइलचं कार्पेट. ते त्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरलं आणि त्याच्याखाली जमिनीनं आपलं काम निवांत चालू ठेवलं. शालनबाईंना खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं. दोन वर्षांनी त्या खाली येत होत्या. अंगणात त्यांनी "थांबा जरा" म्हटलं, पण फोटोग्राफर खोलीत उभा होता, म्हणून खुर्ची थांबली नाही. आप्पांनी फीत कापली, शाल घातली, खोलीत सात-आठ माणसं शिरली, दार लागलं आणि म्हातारीला खोकला लागला. थांबेचना.

"आनंदानं भरून आलंय," ज्योतीराम म्हणाला.

भिमाजींना आमंत्रण नव्हतं. ते आले होते आणि दाराशी उभे होते. चपला काढून, अनवाणी. त्यांनी खाली वाकून कार्पेटची कड धरली आणि ओढली.

वास असा आला की आप्पांनी गळ्यातला हार नाकाशी धरला. कार्पेटची उलटी बाजू काळी, बुळबुळीत. त्याखाली कोब्यावर पाणी पाझरलेलं, आणि त्या पाण्याच्या मधोमध, केसांच्या फुग्यासकट, एक डोकं. त्यावर एक गोम फिरत होती.

"हे काय हाय?" आप्पांनी विचारलं.

"तुमचं तोंड, आप्पा," भिमाजी म्हणाले.

सयाजीशेठ पुढे झाले. "आप्पा, ते मिस्त्री जरा—"

"खाली ओल अडवायला तुमचे फ्लेक्स घातलेत," भिमाजी शांतपणे सांगत राहिले. "तुमच्या तोंडावर काँक्रीट नको म्हणून तोंडं कापून घेतली. जिथं जिथं कापलं तिथनं ओल येते. या खोलीत तुम्ही पाच ठिकाणी आहात, शेठ पाच, आबाजी एक."

"आन बाकी?"

"बाकी कोरडं. हार्दिक शुभेच्छांच्या वर खडखडीत आहे."

आप्पांनी खाली बघितलं, आपल्या कानाकडे थोडं जास्त वेळ. मग त्यांनी सयाजीशेठच्या खांद्यावर हात ठेवला. "म्हंजी माज्यावर कुनी पाय देऊ नये म्हनून?" ते म्हणाले. त्यांचे डोळे खरोखर पाणावले होते, वासानंही असेल. "निष्ठा म्हंत्यात ती ही. ल्योक आसावा तर आसा." टाळ्या पडल्या. फोटो झाला. मग सगळे जेवायला मांडवात गेले. चिकन होतं.

खोलीत खुर्चीवर शालनबाई, आणि दारात भिमाजी. म्हातारीनं पंप ओढला, श्वास जमवला आणि विचारलं, "मिस्तरी, खरं सांग. ह्येच्यावर झोपल्यावर काय व्हईल?"

"आत्ता पंप दिवसातनं दोनदा लागतो ना? सहादा लागेल. आणि पुढल्या पावसाळ्यात…" भिमाजी थांबले.

"बोल की. मी काय ल्हान हाय?"

"पुढला पावसाळा निघणार नाही मावशी."

"आन फोडलं तर?"

"फोडून, घालून, वाळून, चार महिने."

"फोड मंग."

"शेठ नाही म्हणतात."

"शेटला बोलीव हितं."

सयाजीशेठ आले, हातातलं हाड बाहेर टाकून. "आई, आप्पा जेवत्यात."

"जेवू दे. हे फोडायचं हाय."

"उद्या बगू."

"आत्ता. न्हाईतर मी हितनं वराडते. दम न्हाई माज्यात, पर एवढा हाय. वीस हातावर तुजा आप्पा बसलाय. त्येला सांगते, मला वर कोंडली, आन खाली आनली ती गटारावर बशिवली. निष्ठा म्हनला न्हवं? मग त्येला समदीच कळू दे."

सयाजीशेठनी मांडवाकडे बघितलं. आप्पांच्या ताटात कुणीतरी दुसरी भाकरी वाढत होतं. "हळू," ते म्हणाले. "फोडा. पर आवाज करू नका."

आवाज न करता काँक्रीट फोडायची विद्या भिमाजींना येत नव्हती. त्यांनी डिकीतून छिन्नी आणि मोठा हातोडा आणला, शालनबाईंची खुर्ची अंगणात नेऊन ठेवायला लावली, आणि आप्पांच्या कपाळाच्या बरोबर मध्ये पहिला घाव घातला. मांडवातल्या कुणीही मान वळवली नाही. म्हातारीचे पाय खुर्चीवरून खाली लोंबत होते. तिनं पुढे सरकून अंगठे मातीला टेकवले.

त्या पुन्हा वर गेल्या नाहीत. गावातल्या धाकट्या चुलत जावेच्या पडवीत राहिल्या. लोकांना सांगण्यात आलं, हवापालट.

कोबा फोडायला आठवडा गेला. खालून जे निघालं त्याचं वर्णन भिमाजी जेवणाच्या वेळी करत नाहीत, म्हणून इथंही नको. एवढंच सांगतो, की दुसऱ्या दिवशी नाल्याकडच्या कोपऱ्यातला फ्लेक्स उचलल्यावर त्यांना ओकारी झाली आणि ती पुसून ते परत खाली वाकले. सगळा गाळ उपसला. जोतं फूटभर उचललं. मुरूम पुन्हा धुमसला, कच पसरली, जाड काळं प्लास्टिक दुहेरी घातलं. त्यावर काही छापलेलं नव्हतं. कुणाला ते कापावंसं वाटलं नाही. काँक्रीटच्या दिवशी भिमाजी पहाटे पाचला निघाले आणि गाडीच्या आधी दोन तास येऊन प्लास्टिकवर बसून राहिले. ज्योतीराम मोबाइल घेऊन आला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो मोबाइल खिशात घालून गेला.

यंदा फेब्रुवारीत चौकोन चिकटवले. दोन दिवसांनी उचलले. खालून काही नाही. भिमाजींनी मोजे काढले, खोलीच्या चारही कोपऱ्यांत उभे राहिले, आणि त्यांचा ओठ जागचा हलला नाही.

शालनबाई जावेच्या आधारानं चालत आल्या. त्यांनी उंबरा ओलांडला, कॉट सोडून सरळ खाली बसल्या, आणि मग तिथंच, उघड्या जमिनीवर, पदर अंथरून आडव्या झाल्या. "गार हाय," त्या म्हणाल्या. "पर चिकाट न्हाई."

दुपार होती. भिमाजी दार लोटून उंबऱ्यावर बसले. त्यांचं काम संपलं होतं, पण ते निघाले नाहीत. त्यांना खोकला ऐकायचा होता. दहा मिनिटं झाली, वीस झाली. आतून आला तो घोरण्याचा आवाज. सुरुवातीला अडखळत, मग दमदार. पंप ओढल्याचा आवाज काही आला नाही.

साडेतीनला सयाजीशेठ आले. चप्पल काढून त्यांनी गाडीच्या बाजूच्या जमिनीवर पाय ठेवला, मग दुसरा ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक उमटलं.

"मिस्त्री, मानलं राव. बंगल्यात बी आसलं कोरडं न्हाई." त्यांनी आईच्या खोलीच्या लोटलेल्या दाराकडे बघितलं. "मी काय म्हंतो, हे एवढं कोरडं झालंयच, तर ऑफिसची कागदपत्रं, निवडणुकीचं साहित्य, हितंच ठिवलं तर? खराब व्हनार न्हाई. आईचं काय, तिला वर सवय हाय. आता लिफ्ट बी बशिवतोय."

भिमाजींचा वरचा ओठ नाकाकडे सरकला.

"हळू बोला शेठ," ते म्हणाले. "झोपल्यात."

आणि ते उंबऱ्यावर थोडे सरकून, दोन्ही पाय दारात आडवे पसरून, पाठ चौकटीला टेकून बसले.